जखम भरली, धीर कोठे गेला?

जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर ज्यांनी कुत्रा पाळला आहे, त्यांस पुढील प्रकार बहुधा ठाऊक असेल. पाच-सहा वर्षांचा, अंगाने धडधाकट, पाचोळा वाजला तरी उठून धावणारा असा एखादा कुत्रा असतो. एके रात्री बिबट्या किंवा रानडुक्कर त्यास फाडतो. घरची माणसे त्याची शुश्रूषा करितात. महिना-दीड महिन्यात जखम भरून येते, तिच्यावर केस उगवतात, आणि कुत्रा पूर्वीप्रमाणे भाकरी खाऊ लागतो. परंतु अंधार पडला की तो उंबऱ्याच्या आत येऊन बसतो. उसात सळसळ झाली तर कान टवकारतो, पण उठत नाही. धन्याने छू म्हटले तर शेपूट पायांत घालून त्याच्याच पायांशी येतो. मग घरात आणि शेजारीपाजारी बोलणे सुरू होते: कुत्रा भ्याला, कुत्रा वाया गेला, आता ह्यास भाकरी का घालावी?

प्रिय वाचकहो, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक दिसतो. परंतु थोडा विचार केला तर त्यात दोन मोठे प्रश्न दडलेले आढळतात. जो कालपर्यंत शूर होता आणि घाव लागल्यावर खचला, तो दोषी आहे काय, हा पहिला. आणि ज्याचे काम संपले त्याचे आपल्यावर काही देणे उरते काय, हा दुसरा. ह्या दोहोंचा विचार आज आपण करू.

प्रथम ह्या प्रांताची परिस्थिती लक्षात घ्यावी. सह्याद्रीच्या कडेच्या गावांतून पूर्वी लोक कुत्री घेऊन ससा, डुक्कर ह्यांच्या शिकारीस जात. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पशूंची अशी शिकार गुन्हा ठरविली. तरी कुत्र्याचा स्वभाव कायद्याने बदलत नाही. वास घेणे, माग काढणे, अंगावर धावून जाणे आणि धन्याकडे पाहून त्याची इच्छा ओळखणे हे शिकारी कुत्र्याचे गुण होते. तेच गुण आज राखणीच्या कामी येतात. मेंढवाड्याशी, गोठ्याशी आणि मळ्यातील घराशी जो कुत्रा असतो, तो एका अर्थाने शिकारीच आहे. केवळ त्याचे रान आता अंगणाच्या कडेशी आले आहे.

आणि ते रानही पूर्वीचे राहिले नाही. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही धरणे झाली, कालव्यांचे पाणी शिवारात आले, आणि जेथे बाजरी होत असे तेथे ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे बिबट्यास वर्षाचे बहुतेक दिवस लपण्यास जागा. तेथेच माद्या पिले घालतात, आणि तेथून वस्ती हाकेच्या अंतरावर असते. जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा आहे असे त्यांस आढळले. शेळ्या त्या भागात कुत्र्यांहून कितीतरी अधिक, तरी त्यांचा वाटा सुमारे ११ टक्केच होता. ह्याचा अर्थ उघड आहे. ज्यास आपण राखणदार म्हणून अंगणात बांधतो, तो बिबट्याच्या दृष्टीने ताटातला घास आहे. ही गोष्ट मनात ठेवूनच पुढील विचार करावा.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कुत्रा खचला असे म्हणण्यापूर्वी त्याचे शरीर खरोखर बरे झाले आहे की नाही हे पाहणे धन्याचे कर्तव्य आहे. कुत्रा आपले दुखणे बोलून दाखवीत नाही, आणि पुष्कळ कुत्री ते लपवितात. वरची कातडी मिटली तरी आत स्नायूस आखडलेपण राहते. झटापटीत सुळा मोडला असेल तर चावा घेण्याच्या कल्पनेनेच त्यास कळ येते. सांध्यास मार बसला असेल तर चालताना लंगडे दिसत नाही, पण उडी घेताना वेदना होते. कानास किंवा डोळ्यास इजा असेल तर अंधारात आवाज कोणीकडून आला हेच त्यास कळत नाही. गोचिडांपासून होणाऱ्या तापाने तर जखमेचा काही संबंध नसताही कुत्रा मरगळतो, लवकर थकतो, त्याच्या हिरड्या फिक्या पडतात, नाकातून कधी रक्त येते. आणि आपण समजतो की बिबट्याने त्याची हिंमत नेली. सबब पहिले पाऊल पशुवैद्यकीय दवाखान्याकडे टाकावे; दुसऱ्या कोणत्याही उपायाचा विचार त्यानंतर करावा.

येथे एक इशारा दिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. रानातल्या पशूचा किंवा अनोळखी कुत्र्याचा चावा लागलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगर महिन्यांनी एकाएकी सुस्त झाला, कोपऱ्यात दडू लागला, त्याचा आवाज बदलला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, तर ते पिसाळण्याचे चिन्ह असू शकते. पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून चावतोच असे नाही. एका प्रकारात तो मुकाट पडून राहतो. घशात हाड अडकले असेल असे समजून कोणी त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याचा दात किंवा लाळ मनुष्याच्या जखमेस लागली तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. १८८५ साली पाश्चर ह्यांनी योसेफ माइस्टर नावाच्या मुलास ही लस टोचून वाचविले, तेव्हापासून हा मार्ग खुला आहे. परंतु लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा काहीच उपाय चालत नाही. आपल्या कुत्र्यास दरवर्षी लस टोचून घेणे हे घरातल्या लेकरांच्या जिवाचे रक्षण होय.

समजा, वैद्याने तपासले, शरीर निकोप आढळले, आणि तरीही कुत्रा उठत नाही. मग तर तो भित्रा ठरला ना? आमचे उत्तर असे की, भीती आणि भित्रेपणा ह्यांत अंतर आहे. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, असे आपल्यात म्हणतात; फुंकणाऱ्यास कोणी भ्याड म्हणत नाही. जे एकदा सोसले त्याची खूण देह मनास न विचारता धरून ठेवतो.

ह्याची प्रचीती रशियातील पाव्हलोव्ह ह्या शास्त्रज्ञास फार विलक्षण रीतीने आली. १९२४ सालच्या सप्टेंबर महिन्यात लेनिनग्राड शहरी मोठा पूर आला. पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेतील कुत्री पाण्यात सापडली, आणि त्यांस पोहवत दुसऱ्या इमारतीत न्यावे लागले. कुत्री वाचली, अंगावर ओरखडा नव्हता. परंतु पुढे असे आढळले की, त्यांतील काहींच्या ठायी वर्षानुवर्षे मेहनतीने बाणविलेल्या सवयी पार पुसल्या गेल्या होत्या. एका कुत्र्याचे वर्तन कशाने सुधारले, तर त्याच्या ओळखीचा माणूस खोलीत त्याच्याजवळ बसून राहिल्याने. पुढे तो पुष्कळसा पूर्ववत झाला. मग एके दिवशी मुद्दाम दाराखालून थोडेसे पाणी आत सोडण्यात आले, आणि तो पुन्हा ढासळला. तेव्हा भीती शमते, परंतु तिचे मूळ जमिनीत राहते, हा एक धडा. आणि ओळखीच्या माणसाचे सान्निध्य हे औषध आहे, हा दुसरा.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिगमन व मायर ह्या दोघांनी काही कुत्र्यांस विजेचे झटके दिले. ते थांबविणे कुत्र्यांच्या हाती मुळीच नव्हते. नंतर त्यांस अशा पेटीत ठेवले की, मधली बुटकी आडभिंत ओलांडली म्हणजे सुटका होई. इतर कुत्री चटकन उडी मारीत. परंतु ह्यांच्यापैकी तिनांतली सुमारे दोन पडून राहिली आणि कण्हत झटके सोशीत राहिली. मुक्या जनावरांस इतके दुःख देऊन मिळविलेल्या ज्ञानाविषयी मनात खंत वाटते. पण ते मिळाले आहे, तर त्याचा उपयोग दयेसाठी तरी व्हावा. त्या कुत्र्यांस खाऊ दाखवून किंवा हाका मारून उपयोग झाला नाही. गळ्यात दोरी घालून त्यांस पुन्हा पुन्हा ओढत सुरक्षित बाजूस न्यावे लागले. पुष्कळ वेळा असे केल्यावर ती आपल्या पायांनी उडी मारू लागली. पुढे २०१६ साली ह्याच दोघांनी, मेंदूच्या नव्या अभ्यासावरून, आपले पूर्वीचे मत बदलले. असहायपणे पडून राहणे हे प्राण्यास शिकावे लागत नाही. दीर्घ दुःखाने ते आपोआपच येते. शिकावी लागते ती गोष्ट म्हणजे आपल्या हातून काही होऊ शकते ही खातरी, असे त्यांनी लिहिले. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत नेलेल्या सैन्याच्या कुत्र्यांतही, अंगावर जखम नसता, पूर्वी बेधडक शिरत असलेल्या इमारतींत पाऊल टाकण्यास नकार देणारी कुत्री निघाली. सैनिकांस होतो तसाच हा आजार आहे, असे तेथील पशुवैद्यांनी मानले, आणि त्यांस शिक्षेऐवजी उपचार दिले.

उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. कुमाऊंत १९०७ साली जिम कॉर्बेट ह्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारिली, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे गोळी लागून पूर्वीच मोडलेले आढळले. नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांकडे वळली होती. एकाच प्रकारच्या घावाने एक प्राणी कोपऱ्यात बसतो आणि दुसरा क्रूर होतो. घाव कोणत्या दिशेस वळवील हे घायाळ झालेला ठरवीत नाही. मग जो कोपऱ्यात बसला त्यास दोषी कसे म्हणावे?

धैर्य म्हणजे तरी काय, हेही विचारले पाहिजे. ज्यास संकटाची जाणीवच नाही त्याचे धाडस खऱ्या धैर्यात मोडत नाही, असे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ह्याने फार पूर्वी दाखवून दिले आहे. आपला कुत्रा घाव लागण्यापूर्वी बिबट्यावर धावून जात होता, तेव्हा बिबट्याचा पंजा काय असतो हे त्यास माहीत नव्हते. आता ते माहीत झाले आहे. एकट्या कुत्र्याने रात्री उसाच्या कडेस बिबट्यावर जाणे म्हणजे बहुतेक मरण होय. मग जो उंबऱ्याआड बसून राहतो, त्याची बुद्धी गेली असे म्हणावे की त्यास बुद्धी आली असे म्हणावे? आम्हां माणसांचेच पाहा. २०२५ सालच्या अखेरीस शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे माणसे बिबट्याच्या हल्ल्यात दगावली. तेव्हा शेतात जाणाऱ्या स्त्री-पुरुषांनी, कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसे खिळ्यांचे पट्टे स्वतःच्या गळ्यात घातले. त्यांस कोणी भ्याड म्हटले नाही, आणि म्हणूही नये. जी भीती आपल्या ठायी शहाणपण ठरते, ती कुत्र्याच्या ठायी नालायकी कशी ठरेल?

आता दुसरा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. गरीब शेतकरी म्हणेल, 'तुमचे म्हणणे खरे. कुत्रा दोषी नाही. परंतु माझ्या घरी चार लेकरे आहेत, दोन शेळ्या आहेत, भाकरी मोजून होते. जो राखण करीत नाही त्यास मी कोठून खाऊ घालू? शिवाय ह्याच्या भरवशावर झोपलो आणि हा भुंकलाच नाही, तर माझ्या लेकराचे काय?' ह्या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही हलके लेखीत नाही. ज्याच्या घरी पोटभर असते त्याने दयेचा उपदेश करणे सोपे असते.

ह्यास आमचे उत्तर दुहेरी आहे. राखणीच्या जागेवर खचलेल्या कुत्र्यास ठेवू नये, हे अगदी योग्य. त्यात लेकराचाही घात आहे आणि कुत्र्याचाही. बिबट्यापासून घराचे रक्षण करण्याचे ओझे वास्तविक एकट्या कुत्र्यावर टाकणेच चूक आहे. भक्कम गोठा, बंद होणारे दार, घराभोवतीची मोकळी केलेली जागा, अंगणात दिवा, रात्री लेकरास एकटे बाहेर न पाठविणे आणि उघड्यावर न निजणे ही कामे माणसांची आहेत. ती न करिता साखळीने बांधलेला कुत्रा बाहेर ठेवणे म्हणजे राखणदार नेमणे नव्हे; ते आमिष ठेवणे होय. कुत्रा मोकळा असेल तर निदान पळू शकतो. साखळीस बांधलेला तेही करू शकत नाही.

परंतु राखणीवरून काढणे आणि दारातून घालविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने पाच वर्षे जागून काढिली. त्या रात्रींत आपण झोपलो. ती झोप आपण आधीच उपभोगून बसलो आहो, आणि तिची किंमत त्याने आपल्या कातडीने दिली आहे. तेव्हा पुढे त्याच्यापुढे पडणारी भाकरी ही मागच्या कामाची फेड आहे. देणेकऱ्याने फेड करिताना, सावकार आता अशक्त झाला म्हणून देणे बुडाले असे म्हणणे हा कोणता न्याय?

हा वाद नवा नाही. रोम शहरी केटो नावाचा एक करारी गृहस्थ होऊन गेला. म्हातारे बैल, म्हातारे व आजारी गुलाम विकून टाकावे, असा उपदेश त्याने आपल्या शेतीवरील ग्रंथात केला आहे. प्लुटार्क ह्या ग्रीक लेखकाने त्याचे चरित्र लिहिताना ह्याच गोष्टीबद्दल त्यास दोष दिला. न्याय हा माणसांपुरता असतो, पण दया त्याच्याही पलीकडे, मुक्या प्राण्यांपर्यंत वाहत जाते, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. त्याने आथेन्सकरांचे उदाहरण दिले. तेथे मोठे देवालय बांधताना ज्या खेचरांनी फार मेहनत केली त्यांस काम संपल्यावर मोकळे चरण्यास सोडले होते. त्यांतले एक आपण होऊन परत कामावर आले आणि इतरांच्या पुढे चालू लागले. तेव्हा त्यास मरेपर्यंत सरकारी खर्चाने चारा द्यावा असे नगराने ठरविले. आपण स्वतः तर ज्या बैलाने आपली जमीन नांगरली तो म्हातारा झाला म्हणून विकणार नाही, असे प्लुटार्क सांगतो. केटो हिशेबात चुकला असे कोणी म्हणणार नाही. त्याचा दोष असा की, त्याने सोबतीसही हिशेबाच्या वहीत बसविले.

ह्या मुलखातील लोकांस हे समजावून सांगावे लागेल असे आम्हांस वाटत नाही. पोळ्याच्या दिवशी थकलेल्या बैलाच्याही शिंगांस रंग लावून त्यास पुरणपोळी देणारे हेच लोक आहेत. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली परवानगी देऊन २०२३ साली कायदा ग्राह्य धरिला. तोवरच्या वर्षांत घाटात न पळणारे बैल दावणीस पोसणारी घरे ह्या दोन तालुक्यांत थोडी नव्हती. बैलास जो मान आहे तो कुत्र्यास नाही, एवढाच फरक. परंतु चाकरी चाकरीच आहे, मग ती नांगरास जुंपून केलेली असो की अंधारात भुंकून केलेली असो. देशाचा कायदाही येथे स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्यान्वये, पाळलेल्या जनावरास पुरेसे अन्नपाणी न देणे, किंवा ते उपासमारीने तळमळेल अशा स्थितीत सोडून देणे, हा अपराध आहे. कुत्र्यास पोत्यात घालून दूरच्या बाजारी सोडून येणारा मनुष्य मनास 'मी त्यास मारिले नाही' असे समजावतो. पण अनोळखी गावात, अनोळखी कुत्र्यांच्या टोळीत, घायाळ मनाच्या जनावराचे काय होते हे त्यास पुरते ठाऊक असते.

मग करावे काय? जाणत्यांच्या अनुभवाचे व वर सांगितलेल्या शोधांचे तात्पर्य आम्ही थोडक्यात देतो. वैद्याची तपासणी झाली म्हणजे कुत्र्यास पूर्ण विसावा द्यावा. अंग बरे होण्यास जितका वेळ लागला त्याहून मन बरे होण्यास अधिक लागेल असे समजावे. त्यास मारू नये. भ्यालेल्यास मारिले तर भीतीच्या जागी आपल्या हातचे दुखणेही जोडले जाते, आणि आपला हात हाच जो त्याचा आधार, तोही जातो. आरंभ दिवसाउजेडी, घराजवळ, आणि त्यास खात्रीने जमेल अशा कामापासून करावा. कोंबड्या राखणे, पोरांबरोबर विहिरीपर्यंत जाणे, एवढेही पुरे. बरोबर एखादा शांत, अनुभवी कुत्रा असला तर फार बरे. दररोजचे काम यशाने संपवावे, आणि तो डगमगण्याच्या आतच घरी आणावे. ज्या बांधाशी घाव लागला तेथे त्यास ओढत नेऊ नये. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांस दोरी लावून ओढले ते सुटकेकडे, हे विसरू नये. आपण मात्र पुष्कळदा दोरी लावून ओढतो ते संकटाकडे. ज्या धन्याच्या दोरीने आपण दर वेळी सुखरूप जागी पोहोचतो, त्याच्यामागून कुत्रा हळूहळू पुन्हा अंधारातही चालू लागतो.

काही कुत्री ह्या रीतीने सावरतात; काही कधीच पूर्ववत होत नाहीत. पाव्हलोव्हच्या कुत्र्याप्रमाणे सावरलेलाही एखाद्या सळसळीने पुन्हा खचू शकतो, हे धन्याने आधीच मनाशी धरावे म्हणजे निराशा होणार नाही. परंतु जो सावरतो त्याचे धैर्य पूर्वीहून वेगळ्या जातीचे असते. पूर्वी तो न जाणता धावत होता. आता जाणून, धन्याच्या विश्वासावर, चार पावले टाकितो. ती चार पावले पूर्वीच्या शंभर उड्यांहून मोलाची आहेत असे आम्ही समजतो. आणि जो सावरत नाही, त्याने उंबऱ्याआड निजून भाकरी खावी, ह्यात घराची काही अप्रतिष्ठा नाही.

हे सर्व आम्ही कुत्र्याविषयी लिहिले. परंतु वाचकांच्या मनात ह्यावेळी एखादे माणूसही उभे राहिले असेल. विहीर खणताना दरड कोसळून बाहेर काढलेला आणि त्यानंतर विहिरीत न उतरणारा गडी. बाळंतपणात मरणाच्या दारातून परत आलेली आणि तेव्हापासून गप्प झालेली सून. गावाने एकदा दगड मारून हाकलून दिल्यावर पुन्हा त्या वाटेस न जाणारा उपदेशक. ह्यांच्याविषयीही आपण हेच बोलतो: अंग तर बरे झाले, मग आता काय झाले आहे? आळस आहे, ढोंग आहे, विश्वास कमी आहे. एलीयाची गोष्ट आपणां सर्वांस माहीत आहे. कर्मेल डोंगरावर जो शेकडो लोकांपुढे निर्भय उभा राहिला, तोच एका राणीच्या निरोपाने रानात पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागू लागला. त्या वेळी त्यास कोणी जाब विचारला नाही. आधी झोप मिळाली, मग भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, आणि पुन्हा भाकर. प्रश्न त्यास पुष्कळ पुढे, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर, विचारण्यात आला. आणि त्यानंतर काम मिळाले तेव्हा ते एकट्याने करावयाचे नव्हते. अलीशा त्याच्या सोबतीस मिळाला.

तेव्हा ज्याच्या घरी असा कुत्रा असेल, त्याने आज संध्याकाळी त्यास एकदा नीट पाहावे. दात तपासावे, कानांत पाहावे, गोचिडे काढावी, आणि लस टोचून किती दिवस झाले ते आठवून पाहावे. रात्र पडण्यापूर्वी त्यास आत घ्यावे. भाकरी नेहमीइतकीच घालावी. आणि शेजारी जर म्हणू लागला की हा आता कामाचा राहिला नाही, तर त्यास सांगावे की, ह्याने केलेल्या कामाची मजुरी आम्ही अजून देत आहो.